पुस्तक वाचल्याशिवाय पेला नाही

लेम्पी म्हणजे प्रेम. आमच्या आजी-आजोबांच्या फिनिश भाषेत त्या शब्दाचा तोच अर्थ. माझ्या भावजयीचं हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्यानं पाळण्यातल्या बाळाचं तोंड नीट बघितलेलं नसणार.

माझा भाऊ रेनो हार्जू. त्यानं १९६९ साली, पानं गळायच्या दिवसांत, तिला बटाट्याच्या एका शेतावरून लग्न करून टॅमरॅक लँडिंगला आणलं, आणि आठव्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बार आमच्या वडिलांनी काढलेला. वर आम्ही राहायचो, खाली दारू आणि जेवण, मागच्या दारातून थेट सुपिरिअर सरोवर. स्वयंपाकघर माझं होतं. चौदाव्या वर्षी शाळेतून काढून वडिलांनी मला तिथं जुंपलं, तेव्हापासून तिथली प्रत्येक पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी, माझ्या हातची. खाणीतली माणसं दुपारी यायची आणि ‘एल्मा, दोन दे’ म्हणून माझं नाव घेऊन मागायची.

लेम्पीनं पेस्टीचा एक घास घेतला, चावला, आणि बाकीची ताटलीत ठेवून दिली.

“यात गाजर कुणी घातलं?”

मी म्हटलं, मी घातलं. वडील घालायचे म्हणून मीही घालते.

“मग त्यांनाही कळत नव्हतं,” ती म्हणाली.

वडील दारातच उभे होते. ते चिडतील असं मला वाटलं, पण ते हसले आणि म्हणाले, बघू दे हिला काय जमतं ते. पुढच्या आठवड्यात गाजर गेलं आणि पिवळं सलगम आलं. गिऱ्हाइकांनी दोन-दोन मागून खाल्ल्या. तेच मला सहन झालं नाही. वाईट झाली असती तर मी तिला माफ केलं असतं.

तिच्याशी माझं कधी पटलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की एल्मा मेलेल्या बाईबद्दल वाकडं बोलते. ती जिवंत असतानाही मी हेच बोलत होते, आणि तिच्या तोंडावर.

लेम्पी बारच्या मागं उंच स्टुलावर बसायची आणि मांडीवर पुस्तक. शाळा तिचीही आठवीतच सुटलेली. पण शेतावर महिन्यातून एकदा वाचनालयाची गाडी यायची, तिच्यातून तिनं वाचायचं वेड लावून घेतलं होतं. गिऱ्हाइकानं रिकामा पेला पुढं सरकवला तर पान संपेपर्यंत ती मान वर करायची नाही. नवखा कुणी ‘अहो बाई’ म्हणाला तर ‘थांब, तुझ्यापेक्षा हा माणूस बरा बोलतोय’ असं सांगून पुन्हा पुस्तकात. गिऱ्हाइकं तरीही टिकली, कारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फातून चालत जाता येईल असं दुसरं दारच गावात नव्हतं.

तिला पुस्तकं आवडायची असं लोक म्हणतात. मला तसं कधी दिसलं नाही. ती पुस्तकांशी भांडायची. ‘खोटारडा’, ‘हिला उपास घडवा म्हणजे कळेल’, ‘शेवट करायचं धाडस नाही मेल्याला’, असं एकटीच पुटपुटायची. आवडलेल्या पुस्तकाबद्दल तर तिच्या तक्रारी जास्तच असायच्या.

वेस्ली पेनहेल शाळेत इतिहास शिकवायचा. बायको गेल्यावर तो रोज संध्याकाळी पाचला येऊन खिडकीजवळ बसू लागला. एक बीअर, एक पेस्टी. त्याला पेस्टीत कांदा थोडा जास्त आवडतो असं तो मला एकदा म्हणाला होता. तेव्हापासून त्याची पेस्टी मी वेगळी भरायची आणि मुरडीवर बोटाची खूण करायची. माझ्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे आहे.

१९९७ च्या मे महिन्यात त्यानं लेम्पीला विचारलं की वाचतेस ते कशाबद्दल आहे. रस्त्याकडेच्या चरांत अजून काळं बर्फ होतं.  ती स्टुलावरून उतरली, माझ्या ओट्यावर मी गोड पेस्ट्रीसाठी रुबार्बचे आंबट लाल देठ चिरून ठेवले होते त्यातले मूठभर न विचारता उचलले, कुटले, गाळले, त्यात जिन ओतली आणि चिमूटभर मीठ टाकलं. साखर नाही. पेला वेस्लीपुढं ठेवला.

“असं आहे,” ती म्हणाली. “दोन बहिणी आणि एक शेत.”

त्यानं घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेत कुणाला मिळतं, त्यानं विचारलं. वाच आणि बघ, ती म्हणाली. तो पुस्तक घेऊन गेला. चार दिवसांनी परत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला की तुझ्या पेल्यात शेवट नव्हता. शेवटी थोरली धाकटीला तापात पाणी आणून देते, ते कुठाय?

मला वाटलं आता ही त्याला फाडून खाणार.  पण तिनं पुन्हा तोच पेला केला, आणि या वेळी तळाशी चमचाभर मध सोडला, न ढवळता. वेस्ली सावकाश पीत गेला. शेवटचा घोट घेतल्यावर त्यानं मान डोलावली. लेम्पी हसली नाही, पण तिनं त्या दिवशी दुसरं पुस्तक उघडलं नाही. नुसती बसून राहिली.

तिथून पहिला गुरुवार सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी मधलं लांब टेबल, एक पुस्तक, त्या पुस्तकाचं एक जेवण आणि त्या पुस्तकाचं एक कॉकटेल. ऋतूत जे मिळेल त्याचंच. आधी पाच माणसं होती, मग अकरा, मग बावीस. कॅलुमेटहून लोक गाडी काढून यायचे.

नियम एकच. पुस्तक वाचल्याशिवाय पेला नाही. लेम्पी दारात उभी राहायची आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारायची. उत्तर आलं तर बसा. नाही आलं तर बसायला मनाई नव्हती, पण समोर यायचं साधं पाणी आणि चार खारी बिस्किटं, आणि इतरांचं जेवण बघत बसायचं. पाद्री दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा ते म्हणाले की बायकोनं मला गोष्ट सांगितली होती. लेम्पी म्हणाली, मग स्वर्गातही बायकोलाच पाठवा.

लोक हसायचे. अशा बाईच्या हातून अपमान करून घ्यायला लोक बर्फातून यायचे, हे मला आजही समजलेलं नाही.

तिचं काम चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. जानेवारीत एकदा बर्फात वाट चुकलेल्या टपालवाल्याची गोष्ट होती. तिनं वाटाण्याचं सूप दिलं आणि वेलदोड्याची कडू कॉफी, ब्रँडी घातलेली, पण मुद्दाम कोमट करून. कुणीतरी तक्रार केली. ती म्हणाली, तो पोचेपर्यंत निवलेली होती, तू वाचलं नाहीस का? एप्रिलमध्ये ओढ्यांना बोटाएवढे स्मेल्ट मासे येतात, तेव्हा भुकेल्या घराची गोष्ट. मासे डोक्यासकट तळलेले, हातानं खायचे. आणि ऑक्टोबरात खाणीत नवरा गमावलेल्या बाईचं पुस्तक. त्याला सफरचंदाचा आंबलेला रस आणि राय व्हिस्की, बर्फाशिवाय, आणि ताटलीत अर्धीच पेस्टी. एकजण म्हणाला, बाकीची अर्धी कुठाय? लेम्पी म्हणाली, ती खाणारा वर आला नाही. त्या टेबलावर दोन घरं अशी होती की ज्यांचे आजोबा खाणीतून वर आले नव्हते. 

त्या पेस्ट्या मी भाजल्या होत्या. मासे मी साफ केले होते. बारा वर्षांत प्रत्येक गुरुवारचं जेवण माझ्या हातून गेलं. पण पेला ती स्वतः करायची, माणसं मोजून करायची, आणि उरलेलं माझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतायची. बारा वर्षांत मला एक थेंब मिळाला नाही, कारण मी पुस्तक वाचलेलं नसायचं. रेनोलाही नाही मिळाला. पण रेनोला त्याचं काही नव्हतं. तो शिकारीच्या मासिकातली चित्रं बघून सुखी असायचा.

मला वाचताच येत नाही असं नाही. पिशवीवर मैदा लिहिलंय की साखर ते कळतं. ऑर्डरच्या चिठ्ठ्या कळतात. पण ओळ लांब झाली की अक्षरं जागा सोडतात. शाळेत बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर उभं करून एकच ओळ अकरा वेळा वाचायला लावली होती. अकराव्या वेळीही ती ओळ वेगळीच आली. ही गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

२००८ च्या ऑगस्टमध्ये एका देखण्या, खोटं बोलणाऱ्या बायकोचं पुस्तक होतं आणि त्याला लेम्पीला थिंबलबेरी हव्या होत्या. ही फळं कुणी विकत नाही. हातात घेतली की विरघळतात, एकेक करून खुडावी लागतात. मी चार तास झुडपांत होते. डासांनी मान फोडून काढली होती. दोन डबे भरून आणले. लेम्पीनं त्या बियांसकट कुटून व्हिस्कीत घातल्या. बिया दातांत अडकायला हव्यात, म्हणाली.

संध्याकाळी मी थंड माशाच्या ताटल्या टेबलावर मांडत होते. वेस्लीशेजारची खुर्ची रिकामी होती. तो म्हणाला, “बस ना एल्मा. फळं तर तूच आणलीस.”

मी ॲप्रन सोडला आणि बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

लेम्पी दारातून टेबलापर्यंत चालत आली. तिनं मला तसंच विचारलं जसं ती सगळ्यांना विचारायची. शेवटच्या भागात ती बायको काय जाळते?

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, “पत्रं.”

“काहीच जाळत नाही,” लेम्पी म्हणाली. “जाळलं असं नवऱ्याला सांगते फक्त.”

कुणीतरी खुदकन हसलं. मग बरेचजण हसले. वाईट हेतूनं नव्हे. तसे ते पाद्रींनाही हसले होते. लेम्पीनं माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि चार बिस्किटं. मी वेस्लीकडे बघितलं. तो ताटलीतल्या माशाचे काटे काढत होता.

मी पाणी प्यायले. बिस्किटं खाल्ली, चारही. मग आत जाऊन भांडी घासली.

त्या हिवाळ्यात वाचनालयाचं छप्पर बर्फाच्या भारानं खाली बसलं. वाचनालयाच्या समितीवर कॉलीन मॅडॉक होती, शिकागोहून नोकरी संपवून इथं राहायला आलेली, गोड बोलणारी बाई. ती बारमध्ये आली आणि लेम्पीला म्हणाली की गुरुवारच्या सगळ्या पुस्तकांची, पदार्थांची आणि पेयांची एक छोटी पुस्तिका काढू, उन्हाळ्यात पाहुण्यांना विकू आणि छप्पर दुरुस्त करू.

“छप्पर पडलं तर सुताराला बोलवा,” लेम्पी म्हणाली.

“अगं, तुझं नाव होईल.”

“ज्यानं पुस्तक वाचलं नाही त्याच्या हातात पेला दिला की ती नुसती दारू.”

कॉलीन हसून म्हणाली की नुसती दारू विकूनच तर तुमचं घर चालतं. लेम्पी म्हणाली, हो, पण गुरुवारी नाही. आणि स्टुलावर बसून तिनं पुस्तक उघडलं. कॉलीन निघून गेली.

लेम्पीची पाककृतींची कार्डं मैद्याच्या वरच्या फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायची. प्रत्येक पुस्तकाचं एक. मार्च महिन्यात ती दात दाखवायला मार्केट शहरात गेली, तेव्हा मी तो डबा उचलला आणि बर्फातून कॉलीनच्या घरी नेऊन दिला. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, गावासाठी फार मोठं काम केलंस. मी गावासाठी काही केलेलं नव्हतं, पण तसं मी बोलले नाही. दुपारी तीनपर्यंत तिनं सगळ्याच्या नकला काढल्या आणि डबा परत आला. लेम्पी पाचला आली. तिला काही कळलं नाही.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. लेम्पी कार्डांवर स्वतःपुरतंच लिहायची. ‘आंबट, ती रागावते तितकं.’ ‘बर्फ नको.’ ‘शेवटी मध, पण लायकी असेल तरच.’ मापं कुठंच नव्हती. कॉलीननं ती आपल्या मनानं घातली, आणि लोकांना आवडावं म्हणून प्रत्येकात थोडं गोड घातलं.

जूनमध्ये पुस्तिका आली. मुखपृष्ठावर पेला आणि चष्मा. आत लिहिलं होतं, हार्जू कुटुंबाच्या पाककृती. लेम्पीनं ती पोस्टात बघितली, तिथंच उभी राहून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि जागेवर ठेवून घरी आली. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. मी रात्रभर वाट बघितली. 

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, गावात मिरवणूक असते आणि सरोवराकाठी तंबू लागतात. वाचनालयाचाही तंबू होता. तिथं कॉलीन खाणीतल्या विधवेचं कॉकटेल विकत होती. बर्फ, संत्र्याची चकती, पाकातली चेरी आणि वर फेटलेली साय. शेजारी अख्खी पेस्टी, रस्सा घातलेली. पाहुण्यांची रांग लागली होती. मी पुढच्याच टेबलावर अग्निशमन दलासाठी मासे तळत होते.

लेम्पी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं पेला घेतला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

“हे काय आहे?”

“तुझंच आहे,” कॉलीन म्हणाली. “लोकांना फार आवडतंय.”

लेम्पीनं टेबलावरचा काचेचा मोठा जग उचलला आणि गवतावर उलटा केला. मग दुसरा. कॉलीन ओरडली की वेड लागलंय का तुला, छपरासाठी आहे हे. रांगेतला एक पोरगेलासा माणूस म्हणाला, म्हातारे, घरी जा. आणखी दोघं-तिघं तेच म्हणाले. त्यात गुरुवारी टेबलावर बसणारेही होते. लेम्पीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिनं कॉलीनला विचारलं की कार्डं कुणी दिली.

कॉलीनची नजर माझ्याकडे गेली. मी म्हटलं, “मी.”

ती माझ्या टेबलासमोर आली. “दिलीस ती दिलीस. देण्याआधी वाचली होतीस का?”

“तुला माहीत आहे की मला...” आणि मी थांबले.

“माहीत आहे. पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. चिठ्ठी वाचताना तुझे ओठ हलतात.”

कढईतला मासा करपायला लागला होता. मी तो चिमट्यानं उचलला. मला एवढंच विचारायचं होतं आणि मी ते विचारलं. “मग त्या दिवशी सगळ्यांसमोर मला प्रश्न विचारलास कशाला?”

“तू पुस्तकासाठी बसली नव्हतीस. वेस्लीसाठी बसली होतीस.”

वेस्ली माझ्याच रांगेत होता, कागदी ताटली हातात धरून, तीन माणसं सोडून. सगळी रांग ऐकत होती.

मी चिमट्यातला मासा तिच्या तोंडावर फेकला.

तो कढईतून नुकताच निघालेला होता. तिच्या डाव्या गालावर चिकटला आणि खाली पडला. ती ओरडली नाही. बाहीनं गाल पुसला, ओठाला लागलेला तुकडा जिभेनं आत घेतला आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.”

मग ती चालत घरी गेली. गालावर फोड आला, त्याचा नाण्याएवढा पांढरा डाग पुढं कायम राहिला. गावानं मला दोष दिला नाही. उलट दोन-तीन बायका म्हणाल्या की कुणीतरी हे करायलाच हवं होतं. त्या बायका मला त्या दिवसापासून आवडेनाशा झाल्या.

वेस्ली तीन आठवडे आला नाही. मग एक दिवस पाचला आला आणि खिडकीजवळ बसला. एक बीअर, एक पेस्टी. त्यानं त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. मीही त्याची पेस्टी वेगळी भरणं बंद केलं. त्याला फरक कळला की नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

लेम्पीनं गुरुवार बंद केला. जुलै ते ऑक्टोबर आम्ही दोघी त्याच स्वयंपाकघरात उभ्या होतो आणि एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. काही हवं असलं की ती रेनोला हाक मारायची आणि तो येऊन माझ्या हातातली सुरी तिच्या हातात द्यायचा. शेवटी तिनं एकोणीस खोकी भरली, रेनोच्या ट्रकमध्ये टाकली आणि तिच्या वडिलांच्या शेतावरच्या रिकाम्या घरात राहायला गेली. रेनो आधी रविवारी जायचा, मग शनिवारी-रविवारी, मग हिवाळाभर तिकडेच. त्यानं मला कधी काही म्हटलं नाही. त्याच्या जागी मी असते तर म्हटलं असतं.

कॉलीननं गुरुवार आपल्या हातात घेतला. दारात प्रश्न नाही, कुणीही या, काहीही घ्या. पहिल्या वर्षी चाळीस माणसं यायची. दुसऱ्या वर्षी पुस्तक कुठलं आहे हे निम्म्यांना ठाऊक नसायचं. तिसऱ्या वर्षी नुसतीच दारू उरली, आणि तेवढी तर इतर दिवशीही मिळत होती. मग ते आपोआप बंद पडलं. छप्पर मात्र झालं. ते आजही गळत नाही, हेही सांगायला हवं.

२०१६ च्या जानेवारीत रेनोचा फोन आला. लेम्पीच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही म्हणून घरी पाठवलं होतं. तो म्हणाला, एकदा येऊन जा. मी म्हटलं, तिनं बोलावलंय का? तो म्हणाला, नाही.

मी गेले. ती चुलीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती, निम्मी झालेली. खोलीभर पुस्तकं, बहुतेक जमिनीवरच.

“तू कशाला आलीस?”

“रेनोनं सांगितलं म्हणून.”

“मग रेनोला सांग, बघून झालं.”

मी तरीही खुर्ची ओढून बसले. रेनो लाकडं आणतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. तिनं विचारलं की गुरुवारी कोण येतं. मी सांगितलं, कुणी नाही, कधीच बंद झालं. तिचा चेहरा उजळला. लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

मला एक गोष्ट सात वर्षं विचारायची होती. मी म्हटलं, तुला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. चाळीस वर्षं एका ओट्यावर होतो आपण. मला वाचायला शिकवावं असं कधी तुझ्या मनात आलं नाही?

तिनं विचार केला. खोटं बोलायचं नसलं की ती नेहमी वेळ घ्यायची.

“आलं होतं,” ती म्हणाली. “तू मागितलं असतंस तर शिकवलं असतं.”

“मी मागितलं असतं तर तू सगळ्या गावाला सांगितलं असतंस.”

“हो,” ती म्हणाली. “सांगितलं असतं.”

 मी सिंकमधले कप विसळले आणि रेनोला हाक मारली. निघताना तिनं डोळे मिटले होते. झोपली होती की मी जावं म्हणून, ते माहीत नाही. मी पुन्हा गेले नाही. पाच आठवड्यांनी ती गेली. लोक मला विचारतात की शेवटी तरी तुमचं मिटलं असेल. नाही मिटलं. तिनं माफी मागितली नाही आणि मीही मागितली नाही, आणि दोघींनाही ती मागायला हवी होती.

आमच्याकडे हिवाळ्यात मेलेल्या माणसाला जमीन मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. लेम्पी मे महिन्यापर्यंत दफनभूमीच्या दगडी कोठीत राहिली. म्हणजे मला दोनदा जेवण करावं लागलं, एकदा फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात आणि एकदा मातीच्या दिवशी. दोन्ही वेळा मी सलगमाच्या पेस्ट्या केल्या. गाजराची मला आता येतही नव्हती.

मातीच्या दिवशी चिखल घोट्यापर्यंत होता आणि काळ्या माश्या चावत होत्या. तीसेक माणसं आली होती. कॉलीनही आली होती, मागं उभी. नवे पाद्री तरुण होते, त्यांनी लेम्पीला कधी बघितलेलं नव्हतं. ते म्हणाले की या बहिणीनं आपलं टेबल सर्वांसाठी खुलं ठेवलं आणि या गावाला प्रेमानं पुस्तकांची गोडी लावली.

वेस्ली माझ्या शेजारी होता, काठीला टेकून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता. तो पुढं वाकला नाही, आवाजही फारसा कमी केला नाही.

“हे नापास,” तो म्हणाला. “पाणी आणि बिस्किटं.”

मला हसू फुटलं. तोंडावर हात धरला तरी थांबेना. पाद्री बोलायचे थांबले, पुढच्या बायकांनी वळून बघितलं, आणि त्यांना वाटलं असणार की वैरीण मेली म्हणून ही हसतेय. रेनोनंही बघितलं.  मान खाली घालून त्यानं मूठभर ओली माती उचलली. ती त्याच्या बोटांना चिकटून बसली, खाली पडेना, आणि शेवटी त्यानं हात पँटला पुसला.